चाळीसगाव तालुक्यातील लहान माध्यमिक शाळा : पट आणि निकाल

चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणादेवीचे प्राचीन स्थान आहे. या परिसरात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एकोणिसाव्या शतकात एक शिलालेख आढळला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास उत्पन्न लावून दिले, असे तो लेख सांगतो. काळ इ. स. १२०७ च्या सुमाराचा. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. त्या मठात कोण शिकले, किती जण आले आणि किती जणांनी अध्ययन पुरे केले, याची नोंद त्यात नाही. दानलेखाचे ते कामही नव्हे. आजच्या माध्यमिक शाळेकडून मात्र या नोंदीची अपेक्षा असते, आणि तिच्यावर शाळेचे बरेच काही अवलंबून असते.

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की गावोगावच्या शाळांच्या फलकांवर टक्केवारी झळकते. धुळे, नंदुरबार, नाशिक व जळगाव या चार जिल्ह्यांचा निकाल नाशिक विभागीय मंडळाकडून लागतो. मोठ्या शाळेच्या बाबतीत ही टक्केवारी पुष्कळशी बोलकी असते. ज्या शाळेतून जेमतेम वीस मुले परीक्षेस बसतात, तेथे एक मुलगा नापास झाला की निकाल पाच टक्क्यांनी उतरतो. एखाद्या वर्षी दोन मुले आजारी पडली, तर ‘शाळेचा निकाल दहा टक्क्यांनी घसरला’ अशी चर्चा ग्रामसभेत होते. अशा शाळेचे मोजमाप एका वर्षावरून करू नये; तीन किंवा पाच वर्षांची बेरीज घेऊनच बोलावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न छेदाचा आहे. समजण्यासाठी दोन कल्पित शाळा घेऊ. दोन्हींत आठवीत चाळीस मुले होती. पहिलीतून दहावीला चोवीस बसली व चोवीसही उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के. दुसरीतून अडतीस बसली व तीस उत्तीर्ण झाली. निकाल एकोणऐंशी टक्के. हारतुरे पहिल्या शाळेला मिळतील. परंतु आठवीतील चाळिसांपैकी पहिलीने साठ टक्के मुले पार नेली, दुसरीने पंचाहत्तर टक्के. पहिल्या शाळेतील उरलेली सोळा मुले कोठे गेली, हे निकालपत्रक विचारत नाही.

ही गळती बहुधा नववीत होते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. त्यापुढे कायद्याचे संरक्षण संपते आणि निकालाची धास्ती सुरू होते. कच्च्या मुलाला नववीतच थांबवणे, किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बस’ असे सुचवणे, हे प्रकार शिक्षकांना अपरिचित नाहीत. खाजगीरीत्या परीक्षा देण्याची ती सोय मुळात शाळा सुटलेल्यांना पुन्हा दार उघडण्यासाठी आहे. शाळेतून बाहेर काढण्याची वाट म्हणून तिचा वापर होणे हा तिचा विपर्यासच होय.

मुले जातात ती कोणाची, हेही पाहावे लागते. गिरणेच्या पाण्यावरील बागायती गावे आणि दक्षिणेकडील कोरडवाहू डोंगरपट्टा यांत मोठा फरक आहे. या पट्ट्यात बंजारा तांडे व भिल्ल वस्त्या आहेत. तालुक्यातील अनेक कुटुंबे पावसाळा संपताच ऊसतोडीस बाहेर जातात. गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचे वेळापत्रक त्याच्याशी जुळवून पाहिले की अडचण उघड होते. शिक्षकांच्या संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात. त्या दिवशी मूल गावात असते. दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होते, तेव्हा ते आईबापांबरोबर फडावर असते. दहावीची लेखी परीक्षाही हंगाम उतरण्यापूर्वीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. पटावर असलेले आणि बाकावर नसलेले हे मूल शेवटी ‘सततचा गैरहजर’ या शेऱ्याचा धनी होते.

स्थलांतरित पालकांच्या मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली. परंतु त्यांचा भर प्रामुख्याने प्राथमिक स्तरावर आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना सुरू झाली. नववी-दहावीच्या मुलास अशा वसतिगृहाची गरज अधिक, कारण या वयात ते कोयत्यालाही उपयोगी पडू लागते. मुलीचे तर दुहेरी. मागे आजीपाशी ठेवावी तर काळजी, बरोबर न्यावी तर शाळा सुटते. आणि यातून लग्नाची घाई होते.

भाषेचा मुद्दा सहसा कोणी काढत नाही. घरात अहिराणी, तांड्यावर गोरमाटी, भिल्ल वस्तीवर भिली, आणि उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी. ज्याला पदार्थविज्ञानाचे उत्तर ठाऊक आहे, त्यालाही ते पुस्तकी मराठीत मांडताना अडखळायला होते. तपासणाऱ्याला त्यात अज्ञान दिसते.

वर्गात कोण बसते, या प्रश्नाशी चाळीसगावचे जुने नाते आहे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. ऑक्टोबर १९२९ मध्ये धुळ्याकडून परतताना ते चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला, तेव्हा सराव नसलेल्या कार्यकर्त्याने टांगा हाकला आणि नदीवरील पुलाशी अपघात होऊन बाबासाहेबांना दुखापत झाली. समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवावीत, असा तिचा आग्रह होता. फी माफ केली म्हणजे गरिबाचे मूल शाळेत टिकते असे नाही, त्याच्या राहण्याजेवणाचीही तजवीज हवी, हे त्यातून तेव्हाच मांडले गेले.

मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. आठवीच्या वर्गाची यादी एका वहीत उतरवून घ्यावी. प्रत्येक नावापुढे गाव अथवा तांडा, घरची भाषा, पालक हंगामात कोठे जातात, आणि पुढील दोन वर्षांत मूल कोठे आहे, एवढे रकाने पुरेत. दाखला नेला असेल तर कोणत्या शाळेत, हे त्या शाळेला विचारून लिहावे. ‘गाव सोडले’ एवढ्यावर थांबू नये. ग्रामसेवकाकडे टोळ्यांबरोबर जाणाऱ्या कुटुंबांची माहिती सप्टेंबरातच मिळू शकते, म्हणजे दिवाळीपूर्वी पालकांशी बोलता येते. मुकादम उचल देतो ती त्याही आधी, पावसाळ्यात; म्हणून काही गावांत ही बैठक पोळ्याच्या सुमारास घ्यावी लागेल.