कात्री लागण्यापूर्वी : तयार कपड्यांच्या उद्योगातील विकास-पथके

तयार कपड्यांच्या कारखान्यास भेट देणाऱ्या पाहुण्यास प्रथम शिलाई विभाग दाखविण्याची प्रथा आहे. ओळीने मांडलेली यंत्रे आणि त्यांवर झरझर चालणारे हात पाहून पाहुणा प्रभावित होतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु शर्ट चांगला निघणार की वाईट, याचा निर्णय तेथे होत नसतो. तो त्याआधी कित्येक आठवडे पाच-सहा व्यक्तींच्या एका लहानशा गटाने घेतलेला असतो. उद्योगाच्या भाषेत या गटास ‘प्रॉडक्ट डेव्हलपमेंट टीम’ म्हणतात. आपण त्यास विकास-पथक म्हणू.

या पथकात सामान्यतः कपड्याची कल्पना मांडणारा डिझायनर, त्या कल्पनेचे कागदी साचे बनविणारा पॅटर्न मास्टर, कापड खरेदी करणारा, ग्राहकाशी बोलणी करणारा मर्चंडायझर, उत्पादनाचा प्रमुख आणि गुणवत्ता तपासणारा अशा व्यक्ती असतात. प्रत्येकाजवळ ज्ञानाचा एकेक तुकडा असतो. संपूर्ण कपडा कोणाच्याच डोक्यात नसतो. पथक प्रभावी ठरते ते हे तुकडे वेळेवर एकत्र आले तर. ‘वेळेवर’ याचा या धंद्यातील अर्थ अगदी स्पष्ट आहे : कापडास कात्री लागण्यापूर्वी. साध्या कपड्याच्या खर्चात कापडाचा वाटा सर्वांत मोठा असतो. शिवाय कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून एकाच वेळी कापले जातात. त्यामुळे साच्यातील एक चूक एका शर्टात न राहता शेकडो शर्टांत उतरते.

एक साधे उदाहरण घेऊ. शर्टाची ठरलेली लांबी ६० सेंटिमीटर आहे आणि आणलेले सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा पाच या प्रमाणात आटणारे आहे. म्हणजे धुतल्यावर शर्ट ३ सेंटिमीटरने आखूड होणार. कापड आटणारे आहे हे खरेदी करणाऱ्यास गिरणीने सांगितलेले असते. साचा तेवढा वाढवावयास हवा हे पॅटर्न मास्तरास समजते. परंतु पहिल्याने दुसऱ्यास सांगितले नाही, तर एक हजार शर्ट आखूड होतात. चौकशी केली असता आढळते की, प्रत्येकाने आपापले काम चोख केले होते! दोष व्यक्तींत नव्हता, दोन व्यक्तींमधील रिकाम्या जागेत होता. वस्त्रोद्योगातील बहुतेक नुकसान अशाच जागांतून झिरपते.

यावर उपाय म्हणून सर्वांना एकत्र बसवावे, चर्चा घडवावी आणि एकमत करावे, असे कोणीही सुचवील. तो अर्धाच उपाय आहे, हे अमेरिकेतील एका उद्योगाच्या अनुभवावरून चांगले लक्षात येते.

कोलोरॅडो राज्यातील ॲस्पेन या पर्वतीय गावी जर्मनीत जन्मलेल्या क्लाउस ओबरमायर यांनी १९४७ मध्ये बर्फावरील खेळांच्या पोशाखांचा व्यवसाय सुरू केला. हा व्यवसाय मोठा अवघड. कपडे खपणार हिवाळ्यात. पण त्यांचे आराखडे दीड वर्षापूर्वीपासून करावयाचे, कापड व चेन आधीच मागवावयाची आणि शिलाई हाँगकाँग व चीनमध्ये करून घ्यावयाची. कोणता रंग चालेल, याचा अंदाज चुकला तर एक माल पडून राहतो आणि दुसरा ऐन हंगामात संपतो. पूर्वी कंपनीची समिती एकत्र बसून प्रत्येक वस्तूच्या खपाचा एकमताने आकडा ठरवी. व्यवहारात असे होई की, ज्याचा आवाज मोठा किंवा पद मोठे त्याच्या आकड्यापाशी चर्चा थांबे. होला हो मिळविण्याची रीत केवळ आपल्याच सभांत आहे, असे समजण्याचे कारण नाही.

पुढे कंपनीने पद्धत बदलली. समितीच्या प्रत्येक सदस्याने दुसऱ्यास न विचारता आपला आकडा स्वतंत्रपणे लिहून द्यावयाचा, असे ठरले. या प्रयोगाचा अभ्यास मार्शल फिशर, जॅनिस हॅमंड, वॉल्टर ओबरमायर आणि अनंत रामन यांनी १९९४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष मोठा उद्बोधक आहे. ज्या वस्तूबाबत सदस्यांचे आकडे एकमेकांजवळ पडत, तिचा अंदाज बहुधा खरा ठरे. ज्या वस्तूबाबत आकडे दूरदूर पडत, तिचा अंदाज चुकण्याचा संभव अधिक असे. म्हणजे मतभेद ही मिटवून टाकावयाची अडचण नसून ती एक माहितीच होती, आणि एकमताचा आग्रह धरून कंपनी वर्षानुवर्षे ती पुसून टाकीत होती. नव्या पद्धतीत ज्या मालाबद्दल मते जुळत, तो आधी उत्पादनास जाई. ज्याबद्दल मते फाकत, तो मार्च महिन्यात लास व्हेगास येथे भरणाऱ्या व्यापारी प्रदर्शनापर्यंत थांबविला जाई. तेथे दुकानदारांच्या मागण्या हाती आल्या की मग निर्णय होई. पथकाचे सामर्थ्य सर्वांनी एक बोलण्यात नसून प्रत्येकाचे ज्ञान न बोथटता निर्णयापर्यंत पोहोचण्यात आहे, असे यावरून म्हणता येईल.

दुसरे उदाहरण स्पेनमधील आहे. देशाच्या वायव्य कोपऱ्यातील ला कोरुन्या या शहरी अमान्सियो ओर्तेगा गाओना यांनी १९७५ मध्ये ‘झारा’ नावाचे पहिले दुकान उघडले. (त्यापूर्वी १९६३ मध्ये त्यांनी काढलेल्या शिलाईच्या व्यवसायाचे नाव ‘गोआ’ होते. त्याचा आपल्या गोमंतकाशी काही संबंध नाही. ती त्यांच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लिहिलेली होती.) या कंपनीत डिझायनर, बाजारपेठांची माहिती ठेवणारे आणि खरेदी-उत्पादनाचे नियोजन करणारे एकाच मोठ्या दालनात शेजारी शेजारी बसतात. दुकानातील व्यवस्थापकाचा निरोप आला की तो कागदपत्रांच्या वाटेने फिरत नाही. तो रेखाटन करणाऱ्याच्या कानावर लगेच पडतो. कापडाचा मोठा भाग न रंगविता ठेवलेला असल्याने रंगाचा निर्णय उशिरापर्यंत लांबविता येतो. काही आठवड्यांत नवा कपडा दुकानात पोहोचतो तो यामुळे. मात्र या वेगाचे सरसकट अनुकरण करावे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. त्यासाठी यंत्रे व माणसे काही प्रमाणात मोकळी ठेवावी लागतात, जे लहान उद्योगास परवडत नाही. शिवाय झटपट बदलणाऱ्या फॅशनमुळे टाकाऊ कपड्यांचे ढीग जगभर वाढत आहेत, तेही विसरता येत नाही. घेण्यासारखी गोष्ट आहे ती शेजारी बसण्याची. तीस खर्च येत नाही.

शेजारी बसून झालेले बोलणे मात्र हवेत विरता कामा नये. म्हणून या उद्योगात नमुन्यास फार महत्त्व आहे. प्रथम आकार पाहण्यापुरता नमुना होतो, मग तो अंगावर चढवून बेतला जातो, मग निरनिराळ्या मापांचा संच शिवला जातो आणि शेवटी प्रत्यक्ष उत्पादनाचे कापड, धागा व बटण वापरून अंतिम नमुना तयार होतो. मान्य झालेल्या नमुन्यावर खूण व स्वाक्षरी करून तो जपून ठेवतात. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक माप, शिवणीत सोडावयाची माया, तसेच माप किती कमीजास्त चालेल याची मर्यादा लिहिलेली असते. येथे एक फसवी सोय हमखास केली जाते. नमुना कारखान्यातील सर्वांत निष्णात कारागिराकडून शिवून घेतात आणि माल नवशिक्या हातांकडून. कारागीर अवघड वळणाची शिवण सहज सांभाळून नेतो. त्यामुळे ती शिवण अवघड आहे, हे कोणास कळतच नाही. अंतिम नमुना ज्यांना माल शिवावयाचा आहे, त्यांच्याच हातून शिवून घेतला पाहिजे. तो थोडा वाकडा निघाला तर उत्तमच. वाकडेपणा कोठे आहे, ते हजार शर्टांऐवजी एका शर्टात दिसते.

या विवेचनाचा आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांशी निकटचा संबंध आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील विद्यार्थ्यांच्या गणवेशाचे शिलाईकाम महिला बचत गटांमार्फत करून घेण्याची व्यवस्था राज्यस्तरावरून करण्यात आली होती. २०२५-२६ पासून गणवेश उपलब्ध करून देण्याची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली आहे. या समितीत पालक, शिक्षक आणि स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी असतो. त्यांत कापड विक्रेता आणि शिवणारी मंडळी मिळविली की झाले विकास-पथक! फक्त ते तसे एकत्र बसत नाही, इतकेच.

मापांचाच प्रश्न पाहा. भारतीय शरीरयष्टीचे प्रमाणित मापतक्ते नसल्याने आपल्याकडे दीर्घकाळ परदेशी तक्त्यांवर काम चालत आले. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने यासाठी देशव्यापी मापन-सर्वेक्षण हाती घेतले व त्यात मुंबईसह सहा शहरांतील २५ हजार व्यक्तींची मापे घेण्याचे योजिले. परंतु ते १५ ते ६५ या वयोगटासाठी आखलेले होते. तिसरीतील मूल त्यात येत नाही. त्याचे माप शिक्षकानेच घेतले पाहिजे, आणि इयत्तेवरून अंदाज करून चालणार नाही, कारण एकाच वर्गातील दोन मुलांच्या उंचीत वीतभर अंतर असू शकते. शिवाय मूल वर्षभरात वाढते, हे शिंपीदादांपेक्षा शिक्षक व पालक अधिक जाणतात. तेव्हा खालच्या दुमडीत किती माया ठेवावी, हे त्यांनी कापणीपूर्वी सांगावयास हवे. मुलींना खिसा हवा, हे मुलींनाच विचारल्याखेरीज कळत नाही.

समितीने एवढे करून पाहावे. ताग्यातील कापडाचा मोजलेला तुकडा धुऊन, वाळवून पुन्हा मोजावा. मग एकच गणवेश त्याच बचत गटाकडून शिवून घ्यावा, दोनदा धुवावा आणि एका विद्यार्थ्यास दिवसभर वापरावयास द्यावा. त्या दिवशी तो खाली बसेल, धावेल, खो-खोही खेळेल. दुसऱ्या दिवशी शिक्षक, पालक व शिवणाऱ्या भगिनी यांनी प्रत्येकी आपला अभिप्राय आधी स्वतंत्र कागदावर लिहावा व मग एकत्र बसावे. ज्या मुद्द्यावर मते फाकतील, तेवढ्यापुरता दुसरा नमुना करावा. मान्य झालेल्या नमुन्यास तारीख व स्वाक्षऱ्यांची चिठ्ठी टाचून तो मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा आणि गणवेशांचे गठ्ठे येतील त्या दिवशी तोच बाहेर काढून, प्रत्येक गठ्ठ्यातील निदान दोन गणवेश त्याच्याशी जुळवून पाहूनच पावतीवर सही करावी.