पौराणिक कथांतील संघर्ष : वर्गातील एक पाठ

कथा ऐकण्याची आवड मुलांना उपजतच असते. आपल्याकडे ती पुरविण्याचे काम घरातील आजी-आजोबांनी, कीर्तनकारांनी, कोकणातील दशावतारी मंडळींनी आणि नाशिक-पालघरकडील बोहाड्याच्या सोंगांनी पिढ्यान् पिढ्या केले. १९८७ पासून दूरदर्शनवरील ‘रामायण’ व त्यापाठोपाठ आलेल्या ‘महाभारत’ या मालिकांनी त्याच कथा घरोघरी नेल्या. त्यामुळे सहावी ते आठवीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला कौरव-पांडव अपरिचित नसतात. परंतु त्याच्या स्मरणात राहिलेले असते ते बहुधा शेवटचे युद्ध. कोणी कोणते अस्त्र सोडले, कोण पडले आणि कोण जिंकले, हे ते तत्परतेने सांगते. हे युद्ध टाळण्यासाठी कोणी काय केले, असे विचारताच वर्ग गप्प होतो.

हे मौन मोडणे हा पौराणिक कथा शिकविण्याचा एक महत्त्वाचा हेतू असावयास हवा. बारा ते चौदा वर्षांचे वय हे मैत्री, मान-अपमान आणि न्याय-अन्याय यांची जाणीव तीव्र होण्याचे वय आहे. संघर्ष हा दैवाने ठरविलेला असतो, अशी समजूत या वयात पक्की झाली, तर पुढील आयुष्यात समेटाचा मार्ग शोधण्याची बुद्धी खुंटते. उलट, संघर्ष एकेका पायरीने वाढतो आणि प्रत्येक पायरीवर थांबणे शक्य असते, हे कथेतूनच उमगले तर ती शिदोरी जन्मभर पुरते.

संघर्षाचे प्रकार

प्रथम ‘संघर्ष’ या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांच्या मनात विस्तृत करावा लागतो. दोन व्यक्तींच्या किंवा दोन पक्षांच्या इच्छा परस्परांना आड आल्या की बाह्य संघर्ष उभा राहतो. एकाच व्यक्तीच्या मनात दोन कर्तव्ये समोरासमोर ठाकली की आंतरिक संघर्ष सुरू होतो. आणि व्यक्तीची योग्यता एकीकडे व समाजाने आखलेली मर्यादा दुसरीकडे, असा प्रसंग आला की तिसऱ्या प्रकारचा संघर्ष दिसतो. कुरुक्षेत्रावरील युद्ध हे पहिल्याचे उदाहरण होय. जन्मरहस्य कळल्यावरही दुर्योधनाची साथ न सोडणारा कर्ण हे दुसऱ्याचे, तर एकलव्य हे तिसऱ्याचे.

प्रत्येक संघर्ष शस्त्रानेच लढला जातो असेही नाही. सावित्रीने यमाला आपल्या वाक्चातुर्याने व धैर्याने जिंकले. कठोपनिषदातील नचिकेत्याने तर मृत्यूच्या दारी जाऊन केवळ प्रश्न विचारले आणि कोणत्याही प्रलोभनाने तो आपल्या प्रश्नापासून ढळला नाही. ही दोन उदाहरणे आरंभीच दिली, तर शस्त्रावाचूनही संघर्ष असतो हे वर्गाच्या ध्यानी येते.

उद्योगपर्वाची निवड

या विषयाच्या पाठासाठी महाभारताच्या अठरा पर्वांपैकी पाचवे, म्हणजे उद्योगपर्व, विशेष उपयुक्त आहे. महाभारत हे काटेकोर अर्थाने पुराण नव्हे. ते आर्ष महाकाव्य आहे. पण शालेय व्यवहारात त्यातील कथांना पौराणिक कथाच म्हटले जाते. बारा वर्षांचा वनवास आणि एका वर्षाचा अज्ञातवास संपल्यानंतरच्या समेटाच्या हालचाली या पर्वात आल्या आहेत.

प्रथम द्रुपदाचा पुरोहित हस्तिनापुरास जातो. नंतर धृतराष्ट्र संजयाला पांडवांकडे पाठवितो. युधिष्ठिर अर्ध्या राज्याच्या मागणीवरून पाच गावांपर्यंत खाली येतो. संजय परतल्यावर त्या रात्री धृतराष्ट्राला झोप लागत नाही. तो विदुराला बोलावून घेतो आणि विदुर त्याला नीतीच्या चार गोष्टी सांगतो. शेवटी श्रीकृष्ण स्वतः शिष्टाईस निघतो. त्या वेळी पांडवांच्या गोटातही एकमत नसते. एरवी गदेची भाषा बोलणारा भीम कुलाचा नाश टळावा म्हणून सामोपचाराचा आग्रह धरतो. सहदेवाला मात्र युद्ध हवे असते आणि द्रौपदी आपले मोकळे केस दाखवून भर सभेतील विटंबनेची आठवण देते. तिचे म्हणणे अन्याय्य आहे, असे कोण म्हणेल? हस्तिनापुरात सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी देण्यास दुर्योधन नकार देतो. परतीच्या वाटेवर कृष्ण कर्णाला आणि पुढे कुंती आपल्या या पुत्राला भेटते. याही दोन भेटी व्यर्थ जातात.

म्हणजे युद्धापूर्वी समेटाचे अनेक दरवाजे किलकिले झाले होते. ते एकामागून एक का मिटले, हाच या पाठाचा मुख्य प्रश्न होय.

तीन तासिकांची मांडणी

पहिल्या तासिकेत शिक्षकांनी पाच गावांच्या मागणीपर्यंतची कथा सांगावी आणि तेथेच थांबावे. पुढे काय होणार हे मुलांना ठाऊक असले तरी ‘येथे तुम्ही काय केले असते?’ असा प्रश्न विचारून उत्तरे फळ्यावर लिहावीत. या टप्प्यावर एकाही उत्तराला चूक किंवा बरोबर म्हणू नये.

दुसऱ्या तासिकेत फळ्यावर चार रकाने आखावेत : व्यक्ती, तिला काय हवे आहे, तिला कशाची भीती वाटते, आणि तिच्यापुढे कोणता मार्ग मोकळा आहे. युधिष्ठिर, दुर्योधन, धृतराष्ट्र, द्रौपदी, कर्ण अशी नावे घेऊन वर्गाकडूनच हे रकाने भरून घ्यावेत. ‘भीती’चा रकाना भरताना विद्यार्थी प्रथमच दुर्योधनाच्या मनात डोकावतात. धृतराष्ट्रासमोरचा मार्ग मोकळा होता. परंतु पुत्रप्रेमापुढे त्याला तो स्वीकारता आला नाही, हेही या तक्त्यातून दिसू लागते.

तिसऱ्या तासिकेत कौरवसभेचे छोटे नाट्यीकरण करावे. भूमिका दर पाच-सात मिनिटांनी बदलाव्यात, म्हणजे कृष्णाचे बोलणे बोलणाऱ्यास दुर्योधनाचेही बोलणे बोलावे लागेल. अखेरीस प्रत्येकाने ‘झोप न लागलेला धृतराष्ट्र’ या विषयावर दहा ओळी लिहाव्यात. या लेखनावरून विद्यार्थ्याला आंतरिक संघर्ष कितपत समजला याचे मूल्यमापन सहज करता येते.

हकीकत आणि तक्रार

संघर्ष कसा वाढतो हे दाखविणारा आणखी एक प्रसंग सभापर्वात आहे. मयसभेत दुर्योधन फसून पाण्यात पडला आणि द्रौपदीने त्याला आंधळ्याचा पुत्र म्हणून हिणविले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये हाती घेतले आणि १,२५९ हस्तलिखितांचा आधार घेऊन ते १९६६ मध्ये पूर्ण केले. या आवृत्तीच्या पाठात द्रौपदीच्या तोंडी ते वाक्य नाही. जेथे प्रसंग प्रत्यक्ष वर्णिला आहे, तेथे हसणाऱ्यांत भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवक आहेत. पुढे दुर्योधन हीच हकीकत पित्याला सांगतो, तेव्हा द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसल्याचे तो म्हणतो.

दोन्ही वर्णने शेजारी-शेजारी ठेवून वर्गाला फरक शोधावयास सांगावे. दुखावलेल्या माणसाने सांगितलेल्या हकीकतीत भर कशी पडते, आणि ऐकणाऱ्यांच्या पिढ्या तीत आणखी भर कशी घालतात, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील. मधल्या सुट्टीतील भांडणाची कैफियत शिक्षकांपर्यंत पोहोचताना नेमके हेच घडते, याची त्यांना वेगळी आठवण करून देण्याची गरज पडत नाही.

एकलव्याची कथा : एक नाजूक जागा

आदिपर्वातील एकलव्याची कथा बहुतेक ठिकाणी गुरुभक्तीचा आदर्श म्हणून सांगितली जाते. निषादराज हिरण्यधनूचा हा पुत्र विद्येसाठी द्रोणाकडे आला आणि निषाद म्हणून नाकारला गेला. द्रोणाची मातीची मूर्ती समोर ठेवून त्याने धनुर्विद्या साध्य केली आणि गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा दिला. आश्रमशाळेत किंवा गावच्या शाळेत ही कथा ऐकणाऱ्या मुलांपैकी कोणी ‘यात त्याची चूक काय?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाला गुरुनिंदा समजून गप्प करणे सर्वथा अनुचित ठरेल. तो प्रश्न कथेच्या गाभ्यातूनच आलेला आहे. अर्जुनाला दिलेले वचन आणि समोर उभी असलेली योग्यता यांच्यामध्ये द्रोण सापडला, हे सांगावे. आणि त्याने केलेल्या निवडीची किंमत दुसऱ्याने मोजली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. गुरूबद्दलचा आदर आणि अन्यायाची जाणीव या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात. ज्या मुलाच्या पूर्वजांना शिक्षणाची दारे बंद होती, त्याच्या दृष्टीने या कथेचे अध्यापन प्रामाणिक असणे ही साधी बाब नव्हे.

काही पथ्ये

असे पाठ घेताना काही पथ्ये पाळणे हिताचे ठरते. दुर्योधनाची भूमिका नेहमी वर्गातील खोडकर मुलालाच देऊ नये. कोण बरोबर होते यावर हात वर करून मतदान घेऊ नये. मतदान झाले की विचार थांबतो. वर्गातील प्रत्यक्ष भांडणाचा नावानिशी उल्लेख टाळावा. कोणाच्याही घरातील श्रद्धेचा उपहास होणार नाही, याची दक्षता घ्यावी. तसेच एखाद्या विद्यार्थ्याने घरी ऐकलेली निराळी कथा सांगितली, तर ती खोटी न ठरविता ‘तुझ्याकडे असे सांगतात’ म्हणून नोंदवून घ्यावी.

सभापर्वापासून उद्योगपर्वापर्यंत पायरी-पायरीने आलेल्या विद्यार्थ्यांना शेवटी स्त्रीपर्वाचा थोडा परिचय अवश्य करून द्यावा. अठरा दिवसांत अठरा अक्षौहिणी सैन्य खर्ची पडल्यावर दोन्ही घराण्यांतील स्त्रिया रणभूमीवर आपली माणसे शोधीत फिरतात, तो हा भाग. युद्ध कोणी जिंकले, या प्रश्नाचे उत्तर तेथे मुलांना पूर्वीइतक्या तत्परतेने देता येत नाही. त्या वेळी शिक्षकांनी घाईने तात्पर्य सांगू नये. वर्ग क्षणभर शांत राहिला, तर ती शांतता तशीच राहू द्यावी आणि मग फळ्यावरील चार रकान्यांकडे पुन्हा एकदा बोट दाखवावे.