आयतीचा अर्थ आणि विश्वविस्ताराचे आकडे

सूरह जारियातच्या 47व्या आयतीत विश्वविस्ताराचे भाकीत आहे, असे आपण अनेकदा ऐकतो. तेथील ‘मूसिऊन’ या शब्दाचा अर्थ काही भाष्यकार ‘विस्तार करणारे’, तर काही ‘सामर्थ्यवान’ असा करतात. हेही मुलांना सांगत जा. अन्यथा विज्ञानातील एखादा आकडा बदलताच मूल आयतीवरच शंका घेईल.

आणि आकडे वादात आहेतच. विस्तार वेग घेत असल्याचे 1998 मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून उमगले. त्यामागील अज्ञात कारणास ‘कृष्ण ऊर्जा’ म्हणतात. प्लांक उपग्रहाने टिपलेल्या आदिप्रकाशावरून विस्ताराचा आजचा दर, 32.6 लाख प्रकाशवर्षे अंतरामागे, सेकंदाला सुमारे 67 किलोमीटर निघतो. सेफीड तारे व सुपरनोव्हा यांवरून सुमारे 73. सेफीडांची मोजणी पुढे वेब दुर्बिणीनेही पडताळली. तफावत कायम राहिली.