अंकुर वाढतांना पाहिला

आपल्या मुलचेऱ्याच्या रानांत पावसाळ्यांत सागाचा कोंब रोज वाढतो. पण तो वाढतांना कोणीं पाहिला आहे काय? १९१२ सालीं मुंबईंत दादासाहेब फाळके यांनीं तशी युक्ति योजिली. हातीं भांडवल नव्हतें. होता तो लंडनहून आणलेला कॅमेरा. कुंडींत वाटाणा पेरून त्यांनीं ठराविक अंतरानें एकेकच चित्र घेतलें. कित्येक दिवसांचीं तीं चित्रें भराभर दाखवितांच नेत्रांस मधला खंड कळेना. बीं रुजून वेल चढूं लागला! तें पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज देण्यास तयार झाले. फिल्मला छिद्रें पाडणें, ती धुणें हें पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. पुढें १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटांत राजपुत्र झाला तो त्यांचाच मुलगा भालचंद्र.