फूल धरायच्या आत

बाळा, जमीन घेतलीस, फार बरं वाटलं. उजनीच्या काठची काळी माती आहे, पाणी हाकेच्या अंतरावर आहे. पण पडीक तुकड्यातलं गाजर गवत, बांधावरची वेडी बाभूळ आणि पाण्यावरची जलपर्णी हीसुद्धा त्या सातबाऱ्याबरोबर तुझ्या पदरात पडलीत. सूनबाईने विचारलं, "आत्या, यांचा काही उपयोग होतो का?" होतो. फक्त उपयोग करायचा तो त्यांना संपवण्यासाठी. खताला कमी पडतंय म्हणून गाजर गवत राखायचं, जळणाला लागते म्हणून बाभळीचं बी पडू द्यायचं, असं चुकूनही करू नका. संपलं की दुसरं काही वापरता येतं.

गाजर गवतापासून सुरुवात कर. पुण्यात 1955 च्या सुमारास ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं, आणि आता ते नाही असा बांध सापडत नाही. एका झाडाला 10 ते 25 हजार बिया येतात. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ते फुलावर येतं, म्हणून पहिल्या पावसानंतर तुझ्या हातात तेवढेच दिवस असतात. जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. हातमोजे घाल, पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, नाकातोंडावर फडकं बांध. अंगाला खाज सुटते आणि परागाने दमा उठतो, त्यामुळे दम्याच्या माणसाला त्या कामाला लावूच नकोस. गाईने ते खाल्लं तर दूध कडू होतं, तेव्हा उपटलेले ढीग गोठ्यापासून लांब ठेव.

आता खत. पाणी साचणार नाही अशा उंच जागी 3 फूट खोल, 6 फूट रुंद आणि 10 फूट लांब खड्डा घे. फुलाआधीचं गवत वीतभर जाडीने अंथर, पायाने दाब, वर शेणकाला शिंपड, थोडा युरिया टाक, मातीचा हात फिरव. मग पुढचा थर. खड्डा भरला की वर घुमटासारखा उंच कर आणि शेण, माती, भुसा कालवून लिंपून टाक. आतली ऊब बाहेर जाता कामा नये. ढीग दबला, भेग पडली की पुन्हा लिंपायचं. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. ते चाळ, पण लगेच शेतात नेऊ नकोस. एका कुंडीत भर, रोज पाणी घाल आणि पंधरा दिवस बघ. त्यात गाजर गवताची नक्षीदार पानं दिसली तर खड्डा अजून तापायचा आहे असं समज. फूल आलेलं गवत खड्ड्यात घालायचंच नाही. ते फरशीवर वाळव आणि जाळ.

पावसाळ्यात त्या गवतावर पांढुरक्या अंगावर तपकिरी रेघा असलेले भुंगे दिसतील. ते मारू नकोस. मेक्सिकोतून मुद्दाम आणलेले आहेत, पानांची चाळण करतात. एका ठिकाणी पुष्कळ दिसले तर डब्यात घालून दुसऱ्या तुकड्यात सोड. आणि मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी फेक. टाकळा दाटला की गाजर गवताला डोकं वर काढता येत नाही, आणि पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी तुमच्या ताटात येते. याहून चांगला व्यवहार मला माहीत नाही.

वेडी बाभूळ मात्र घाईचं काम नाही. जमिनीलगत तोडलीस तर एकाच्या जागी दहा फुटवे येतील. पाऊस पडून माती मऊ झाली की बुंध्याभोवती उकरायचं आणि जमिनीखाली वीतभर खोल, जिथून फुटवे सुटतात त्या गाठीच्या खाली, तोडायचं. काटा पायात मोडला तर पू धरतो, तेव्हा जाड तळव्याचे बूट घालूनच जा. लाकूड जळायला उत्तम, ओलं असलं तरी पेटतं. काटेरी फांद्या परसातल्या भाजीच्या वाफ्यांभोवती लाव, शेळ्या आत शिरत नाहीत. कोळसाही छान होतो. तो फोडून शेणखतात मुरवून दिला तर ओल धरून ठेवतो. राख मात्र रानात ओतू नकोस, तुझी माती आधीच चुनखडीची आहे. मोठी भट्टी लावायची वेळ आली तर कोळसा पाडणारी माणसं लांबून येतात, रायगडातली कातकरी कुटुंबं लेकराबाळांसकट. त्यांना उचल देऊन बांधून घेऊ नकोस. कामाचे पैसे आठवड्याला, त्यांच्या हातात दे. आपल्या भागात यावरून फार अन्याय झालाय, तो आपल्या बांधावर नको.

शेंगा गोड असतात, शेळ्या आवडीने खातात. अडचण अशी की बी पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि लेंडीखतातून सगळ्या शिवारात पोचतं. म्हणून शेंगा खडखड वाजेपर्यंत वाळवायच्या, बियांसकट भरडून घ्यायच्या आणि खुराकात पाचव्या हिश्श्याच्या वर घालायच्या नाहीत. नुसत्या शेंगांवर जनावर ठेवलं तर आजारी पडतं. या बाभळीवर मधमाश्याही येतात, तेव्हा तोडायच्या आधीच शेवगा, बोर, करंज लावून ठेव.

जलपर्णीचं मी थोडक्यात सांगते. धरणात पुण्याचं सांडपाणी येतं आणि त्यातले जड धातू या झाडाच्या मुळांत साठतात. म्हणून तिचं खत पालेभाजीला नाही, कंदाला नाही, आणि ती गुरांना तर मुळीच नाही. मुळं तोडून टाक, वरचा पाला काठापासून दूर वाळव आणि कुंपणाच्या झाडांच्या बुडाशी अंथर. हिरवी वाहून नेलीस तर नुसतं पाणीच वाहशील. शेततळ्यात मात्र शोभेला म्हणूनसुद्धा एक रोप टाकायचं नाही.

शेततळ्यात चिलापी शिरली तर वर्षात अनेकदा पिल्लं काढते आणि तळं बारक्या माशांनी भरून जातं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळी काढा, मीठ-हळद-मिरची लावून तळा, उरलेली वाळवा. सांडव्याला बारीक जाळी असू दे, म्हणजे ओढ्यात एकही जाणार नाही. ओढ्यातल्या आपल्या माशांना जागा राहिली पाहिजे.

गोगलगायींची गोष्ट 2022 साली लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीनवाल्यांनी भोगली. त्या नर्सरीच्या मातीतून, विकतच्या शेणखतातून येतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याच्या कडेला टाक आणि उजाडायच्या आत उचल. खाली त्या गोळा झालेल्या असतात. हाताने शिवू नकोस, चिमट्याने घे, मुलांना लांब ठेव. मीठ टाकून मारलंस तर तेच मीठ तुझ्या मातीत जाईल, म्हणून उकळत्या पाण्यात टाक. मग शंख ठेचून सगळं खताच्या खड्ड्यात खोल पूर. कच्च्या गोगलगायी कोंबड्यांपुढे टाकू नकोस, गोगलगायींत जंत असतात.

माळावरची घाणेरी गुरांना विषारी, पण किडीवर फवारायच्या दशपर्णी अर्कात तिचा पाला लागतोच. तेवढा आण आणि येताना एखाद-दुसरं झाड मुळापासून काढून ये.

आणि नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येईल ना, त्याला आधी रस्त्यावरच उभा कर. चाकं आणि फाळ पाण्याने धुवून घे. दुसऱ्याच्या रानातली गाजर गवताची बी चिखलाबरोबर त्यांनाच चिकटून येते. ट्रॅक्टरवाला अर्ध्या तासाचे वेगळे पैसे मागेल, ते देऊन टाक.