रिबकेला विचारलं होतं

आजचे वाचन: उत्पत्ती, अध्याय २४
मननाचा विषय: विवाहसंस्काराची तयारी



२०२० च्या जानेवारीत आपल्या धाराशिवात ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे कॅथलिक धर्मगुरू. त्यामुळे ‘फादर’ हा शब्द आता इथल्या वाचणाऱ्या माणसाला नवा राहिलेला नाही. पण शेजारपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांत आपल्या लग्नांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. “अहो, तुमच्याकडं लग्नाला एवढी कागदं कशाला? पोरगा-पोरगी पसंत आहेत, दोन्हीकडची माणसं राजी आहेत, मग फादर अजून काय विचारत बसतात?” खरं सांगायचं तर हा प्रश्न आपल्या घरातही विचारला जातो, फक्त जरा हळू आवाजात.

आज त्याचं उत्तर आपण पवित्र शास्त्रातल्या एका ठरवून केलेल्या लग्नातून शोधू या.

शास्त्रात काय घडतं?

अब्राहाम म्हातारा झाला आहे. मुलाचं, इसहाकाचं लग्न व्हायचं आहे. तो आपल्या घरच्या जुन्या सेवकाला दहा उंट देऊन आपल्या नातलगांच्या गावी पाठवतो. सेवक विहिरीपाशी थांबून प्रार्थना करतो. रिबका येते, त्याला पाणी देते आणि न सांगता उंटांनाही पाजते. तो तिला सोन्याची नथ आणि दोन बांगड्या देतो. मग घरी बैठक बसते. भाऊ लाबान आणि वडील बथुवेल म्हणतात की ही देवाचीच इच्छा दिसते, न्या मुलीला. वस्त्रं, दागिने दिले जातात, जेवणं होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सुपारी फुटली.

आपल्याकडे बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. पण शास्त्रात ती संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सेवक निघायची घाई करतो, घरचे म्हणतात दहा दिवस तरी राहू द्या. अडलेली गोष्ट सुटत नाही, तेव्हा भाऊ आणि आई ठरवतात की मुलीलाच बोलावू आणि तिच्या तोंडून ऐकू. रिबका येते. जाणार का, असं तिला विचारलं जातं. मूळ हिब्रूत तिचं उत्तर एकाच शब्दाचं आहे, आणि तो शब्द होकाराचा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अध्यायाच्या सुरुवातीलाच येते. शपथ घेताना सेवक अब्राहामाला विचारतो की ती बाई यायला तयारच झाली नाही तर? अब्राहाम म्हणतो, मग तू या शपथेतून मोकळा. म्हणजे बघा, उंट गावाबाहेर पडायच्या आधीच मुलीच्या नकाराला जागा ठेवलेली होती. नकार देता येत होता, म्हणूनच रिबकेच्या होकाराला किंमत आली.

कागदांमागचं कारण

आपल्या ख्रिस्तसभेची सगळी विवाहपूर्व तयारी या एका होकारासाठी आहे. चर्चच्या कायद्याचा १०५७ वा नियम सांगतो की विवाह घडतो तो त्या दोघांच्या संमतीने, आणि ती संमती त्यांच्या वतीने दुसरी कुठलीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. वडील, मामा, पंच देऊ शकत नाहीत, फादर आणि बिशपसुद्धा देऊ शकत नाहीत. विवाहसंस्कारात वधू-वरच एकमेकांना संस्कार देतात, धर्मगुरू मंडळीच्या वतीने तो स्वीकारतात. आता एकेक पायरी पाहू, म्हणजे ‘उगाच धावपळ’ वाटणार नाही.

पहिली पायरी, दाखला. स्नानसंस्काराचा दाखला नव्याने काढलेला, साधारणपणे सहा महिन्यांच्या आतला मागतात. लहानपणी मिळालेला जुना कागद का चालत नाही? कारण ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, तिथल्या नोंदवहीत पुढे दृढीकरणाची आणि लग्नाचीही नोंद होते. नवा दाखला आला की हा माणूस लग्नाला मोकळा आहे का, हे कळतं. ज्यांचा स्नानसंस्कार पुण्यात किंवा मुंबईत झाला आहे, त्यांनी हा दाखला सगळ्यात आधी मागवावा.

दुसरी पायरी, फादरांची भेट. ते मुलाला वेगळं बसवून बोलतात, मुलीला वेगळं. पुष्कळ आयांना हे खटकतं. पण तुम्हीच विचार करा, बाप समोर बसलेला असताना कोणती मुलगी म्हणेल की मला हे लग्न नको? जबरदस्तीने किंवा मोठ्या भीतीपोटी दिलेला होकार हा होकारच नव्हे, असं १०३ वर हजार, म्हणजे ११०३ वा नियम सांगतो. बाहेरून थाटात झालेलं असं लग्न चर्चच्या दृष्टीने मुळात झालेलंच नसतं.

तिसरी पायरी, घोषणा. रविवारी मिस्सामध्ये नावं वाचली जातात. ही पद्धत संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने ठरवली. त्या काळी चोरून लग्नं होत आणि मग एक जण हात झटकून मोकळा होई. नुकसान बहुधा बाईचंच होई. पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार आवश्यक केले. आजही धर्मगुरूंसोबत दोन साक्षीदार लागतातच. घोषणा ऐकणाऱ्या आपलीही जबाबदारी आहे. काही अडचण माहीत असेल तर ती मांडवात कुजबुजायची नाही, आधीच फादरांना जाऊन सांगायची.

चौथी पायरी, विवाहपूर्व शिबिर. एक-दोन दिवस तिथे संवाद, पैशांचा व्यवहार, शरीरसंबंध, नैसर्गिक कुटुंबनियोजन, मुलांचं संगोपन यांवर बोललं जातं. काही जण फक्त प्रमाणपत्रासाठी बसतात. असं करू नका. तुमच्या होणाऱ्या जोडीदाराशी या विषयांवर बोलायची कदाचित ही पहिलीच संधी असेल.

कोयता आणि एकदेह

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. तिथला हिशोब सगळ्यांना माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मग पोराचा अर्धा कोयता पूर्ण व्हावा म्हणून सून आणायची घाई होते. तिकडे मुलीच्या बापालाही घोर असतो की सहा महिने फडावर असताना वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? दोन्ही काळज्या खऱ्या आहेत, त्यांना हसण्यासारखं काही नाही. पण या दोन काळज्यांच्या मध्ये शाळेत जाणारी एक मुलगी उभी असते आणि तिला कुणी विचारत नाही.

शास्त्रही म्हणतं की दोघं एक होतात. पण देवाच्या हिशोबात दोघं एक होतात ती प्रीतीने. मुकादमाच्या वहीत ती एक होतात कामासाठी. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं, म्हणूनच तयारीच्या काळात हा फरक आपण नीट तपासायला हवा.

देशाचा कायदा स्पष्ट आहे. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा झाल्याशिवाय लग्न नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असं लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चर्चच्या कायद्याचा १०७१ वा नियमही सांगतो की देशाच्या कायद्याला मान्य नसलेलं लग्न बिशपांच्या परवानगीशिवाय लावू नये. म्हणून फादर ‘नाही’ म्हणाले तर रागावू नका. आणि ‘आत्ता साखरपुडा करून ठेवू, लग्न नंतर’ ही पळवाटही नको. पंधराव्या वर्षी अडकवलेल्या मुलीला अठराव्या वर्षी कोण मोकळं सोडतं?

एक योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे १०९८. आणि चर्चच्या कायद्याचा १०९८ वा नियम आहे फसवणुकीबद्दल. समोरच्याची संमती मिळावी म्हणून मोठी गोष्ट मुद्दाम लपवली, आणि ती संसार उद्ध्वस्त करण्याजोगी असेल, तर तो विवाह वैध ठरत नाही. याकोबाला लाबानाने कसं फसवलं ते उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायात आहे. रिबकेला विचारणारा भाऊ तोच, आणि पुढे पोटच्या मुलीला फसवणुकीने पुढे करणाराही तोच. माणूस एकदा नीट वागला म्हणजे कायम नीट वागेल असं नाही, म्हणून नियम लागतात.

काय काय विचारून घ्यावं?

सुपारी फोडण्याआधी, दोघांनी एकमेकांना, खरं खरं:

– अंगावर कर्ज किती आहे? बँकेचं, सावकाराचं, मुकादमाच्या उचलीचं?
– दारू आहे का? मोठं दुखणं, चालू असलेलं औषध?
– शिक्षण, नोकरी सांगितलं तसंच आहे का?
– मुलगी पुढे शिकेल का, कमावेल का? तिच्या कमाईचं कोण ठरवणार?
– म्हाताऱ्या आईवडिलांना कोण पाहणार? तिच्या आईवडिलांनासुद्धा?
– प्रार्थना, मिस्सा, मुलांचा स्नानसंस्कार यांबद्दल दोघांचं काय म्हणणं आहे?

हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. इथे कॅथलिक घरं थोडी, सोयरीक पुष्कळदा दुसऱ्या पंथात किंवा दुसऱ्या धर्मात होते. तिथे बिशपांची परवानगी लागते. आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली झाला आणि सगळा मराठवाडा त्यात येतो. अर्ज जाऊन उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा पत्रिका छापून मग धावू नका. कॅथलिक जोडीदाराने आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यायचं असतं, आणि दुसऱ्याला ते आधीच माहीत असायला हवं. त्याने किंवा तिने धर्म बदललाच पाहिजे अशी अट नाही. तसा दबाव आणला तर तोही होकार मोकळा राहत नाही.

आणि हुंड्याचं? १९६१ पासून तो देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे. अब्राहामाच्या सेवकाने दिलं ते मुलीकडे दिलं, मुलीच्या घरून काही मागितलं नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तयारी कधी सुरू करावी?

ऊसतोडीवरून मंडळी मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेव्हा उपवासकाळ चालू असतो किंवा ईस्टर जवळ आलेला असतो. उपवासकाळात आपण लग्नाचा थाट टाळतो, आणि ईस्टर झाला की सगळ्यांना आठ दिवसांत लग्न हवं असतं! अशा घाईत दाखला राहतो, शिबिर राहतं, आणि मुख्य म्हणजे विचारणं राहतं. म्हणून पावसाळ्यात, माणसं गावात असतानाच फादरांना भेटा. दाखले मागवा, शिबिर करून घ्या. निदान तीन महिने आधी, जमलं तर सहा. तारीख आणि मंगल कार्यालय त्यानंतर.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये कुटुंबाविषयी लिहिताना तयारीचे तीन टप्पे सांगितले. शेवटच्या महिन्यांतली तयारी हा तिसरा टप्पा. पहिला टप्पा बालपणीच, घरात सुरू होतो. आई नको म्हणाली तर बाबा ऐकतात का, हे लेकरू रोज बघत असतं. त्याचं पहिलं विवाह शिबिर तेच.

आज घरी करण्याजोगं

ज्यांच्या घरी लग्नाचं बोलणं चालू आहे, त्यांनी आज एक काम करावं. मुलीला, आणि मुलालासुद्धा, एकटं बसवून शांतपणे विचारावं. विचारण्याआधी स्वतःच्या मनाला बजावावं की उत्तर ‘नाही’ आलं तरी मी ओरडणार नाही, रडणार नाही, लोक काय म्हणतील हे काढणार नाही. एवढी तयारी नसेल तर ते विचारणं नुसतं नावापुरतं होईल.

प्रार्थना

हे प्रभू, रिबकेला तू विहिरीपाशी पाहिलंस आणि तिच्या घरच्यांना तिला विचारायची बुद्धी दिलीस. आमच्या जिल्ह्यातल्या लेकीबाळींकडे पाहा. फडावर, पालावर, वसतिगृहात, परक्या शहरात असलेल्या आमच्या मुलामुलींना धीर दे. आईबापांना ऐकून घेण्याचं बळ दे, धर्मगुरूंना ठाम राहण्याचं बळ दे. जे दोघं लग्नाच्या उंबऱ्यावर आहेत त्यांच्या तोंडी खरा शब्द ठेव आणि तो शेवटपर्यंत पाळायला त्यांना साथ दे. आमेन.