मधाचे जन्मटिपण : वैद्य व औषधनिर्माते यांच्यासाठी गृहमधुपालन

आपल्या व्यवसायात ज्या द्रव्यांचे नाव दिवसातून अनेक वेळा उच्चारले जाते, त्यांत मधाचा क्रमांक बराच वर लागेल. सितोपलादी मधातून, त्रिकटू मधातून, असे आपण रुग्णास सहज सांगतो. गुळवेल कोठून आली, शिलाजतूचे शोधन झाले की नाही, याची चौकशी आपण करतो. अनुपानाविषयी मात्र ‘चांगला मध घ्या’ एवढे सांगून थांबतो. रुग्णाने आणलेल्या बाटलीतील मध कोणत्या ऋतूतील, कोणत्या फुलांचा आणि किती तापविलेला, हे त्यालाही ठाऊक नसते आणि आपल्यालाही.

करंजाडे येथील आमच्या घराच्या परसात आम्ही काही वर्षांपासून मधमाश्यांच्या दोन पेट्या छंद म्हणून सांभाळीत आहोत. पनवेल परिसराला औषधनिर्मितीची जुनी परंपरा आहे. श्री धूतपापेश्वर ही संस्था येथेच १८७२ मध्ये स्थापन झाली. अशा परिसरात वैद्याने मधाचा अभ्यास पेटीपासून करावा, हे उचितच होय. घरचा मध चाखण्याचा आनंद मोठा आहेच. परंतु मधाचे गुण सांगण्यापूर्वी त्याचे जन्मटिपण हाती असले पाहिजे, हा या छंदाचा खरा लाभ आहे. तेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

ग्रंथोक्त भूमिका

चरकाचार्यांनी मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक असे चार प्रकार सांगून माक्षिकास श्रेष्ठ मानले. सुश्रुताचार्यांनी त्यांत छात्र, आर्घ्य, औद्दालक व दाल यांची भर घालून आठ प्रकार वर्णिले. हे वर्गीकरण मुख्यतः मधाच्या उत्पत्तीवरून केलेले आहे, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पुढे सुश्रुतांनी नवा मध बृंहण व जुना मध लेखन असा भेद केला, तसेच पक्व मध दोषशामक व आम मध अम्ल आणि दोषकारक असेही सांगितले. म्हणजे मधाचे वय व त्याची पक्वता ठाऊक असल्याखेरीज या उपदेशाचा उपयोग करता येत नाही. बाजारातील बाटलीवर भरणीची तारीख मिळते. मध पोळ्यातून केव्हा निघाला ते कळत नाही.

आपल्या भागातील माश्या

महाराष्ट्रात मध देणाऱ्या माश्या प्रामुख्याने पुढीलप्रमाणे ओळखाव्यात.

१) आग्या : उंच झाडावर किंवा कड्यावर एकच मोठे उघडे पोळे. स्वभाव उग्र. पेटीत राहत नाही.
२) फुलोरी : झुडपात एकच लहान उघडे पोळे. मध अत्यल्प. हीही पेटीत टिकत नाही.
३) सातेरी : झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात अनेक समांतर पोळी. पेटीत पाळण्यास योग्य अशी आपली देशी माशी हीच.
४) पोया : नांगी नसलेली अतिशय लहान माशी. मध थोडा व आंबटसर.

याखेरीज मेलिफेरा ही युरोपीय माशी १९६० च्या दशकात उत्तर भारतात स्थिर झाली. तिचे उत्पन्न अधिक. परंतु तिला फुलोऱ्यामागे पेट्या हलवाव्या लागतात. घरगुती छंदासाठी कोकणात सातेरीच बरी, असे आमचे मत आहे.

पेटीची मांडणी

पेटीत खाली पिलाव्याचा कप्पा व वर मधाचा कप्पा असतो आणि दोहोंत लाकडी चौकटी टांगलेल्या असतात. पेटी सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशा जागी, जमिनीपासून हातभर उंच घोडीवर ठेवावी. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. प्रवेशद्वारासमोर येण्याजाण्याची वाट नसावी. जवळ उथळ पाण्याची सोय असावी.

करंजाडे हे आता सिडकोच्या इमारतींचे उपनगर झाले आहे. अशा वस्तीत शेजाऱ्यांची संमती प्रथम घ्यावी. डासांसाठी धूरफवारणी होणार असेल तेव्हा प्रवेशद्वार तेवढ्यापुरते बारीक जाळीने झाकावे. घरात कोणास दंशाने श्वासकष्ट किंवा सर्वांगावर गांधी उठण्याचा पूर्वेतिहास असेल, तर पेटी आणूच नये. दंशानंतर अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

पुस्तक वाचून पेटी उघडू नये. महाबळेश्वर येथील खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आणि पुणे येथे १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही या विद्येची मान्य ठिकाणे आहेत. महाबळेश्वरजवळील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथे जाऊन जाणत्या मधपाळांचे काम एकदा पाहावे.

मधमाश्यांची ऋतुचर्या

सातेरी माशी साधारण एक ते दीड किलोमीटर परिसरात चरते. तेवढ्या परिघातील झाडे वैद्याने मोजून ठेवावीत. आमच्याकडे नारळ व शेवगा यांचा आधार बराच काळ मिळतो. फाल्गुन-चैत्रापासून जांभूळ, कडुनिंब व करंज फुलतात. मधाचा मुख्य हंगाम हाच. मेच्या अखेरीस पेटी पावसाळ्यासाठी सज्ज करावी.

आषाढ-श्रावणात कोकणातील माश्यांना बाहेर पडता येत नाही. या काळात वसाहत जगविण्यासाठी साखरेचा पाक द्यावा लागतो. येथे एक मर्म आहे. दिलेला पाक माश्या पोळ्यात साठवितात आणि त्यावर मेणाचे झाकणही घालतात. तो मधासारखा दिसतो. पण तो फुलांचा मध नव्हे. म्हणून पाक देतेवेळी मधाचा कप्पा काढून ठेवावा आणि पाक बंद करून फुलोरा लागल्यानंतरच तो पुन्हा चढवावा. भेसळ केवळ कारखान्यात होते असे नाही. अनवधानाने ती परसातही होऊ शकते. मध पुरविणाऱ्यास हा प्रश्न अवश्य विचारावा.

मेणकिडा, गांधीलमाशी व वेडा राघू हे वसाहतीचे शत्रू होत. मेणकिड्यासाठी जुनी रिकामी पोळी पेटीत ठेवू नयेत.

मध काढणे व साठविणे

माश्या आणतात तो मकरंद पातळ असतो. पंखांच्या वाऱ्याने त्यातील पाणी आटले की माश्या कोष्ठ मेणाने बंद करतात. हेच पक्वतेचे लक्षण. चौकटीचा बहुतेक भाग झाकलेला दिसल्यावरच मध काढावा. न झाकलेला मध पाणीदार असतो, आंबतो व फेसाळतो; सुश्रुतांचा आम मध डोळ्यांसमोर येतो तो येथे. मध यंत्रात फिरवून काढावा, पोळे पिळू नये. पिळल्याने अळ्या व पराग मिसळतात आणि वसाहतही नष्ट होते. सातेरीच्या एका पेटीतून अनुकूल वर्षी पाच ते दहा किलो मध मिळू शकतो. पावसाळ्यासाठी त्यातील काही भाग माश्यांना ठेवणे हे मधपाळाचे कर्तव्य आहे.

वसाहतीत पिलाव्याचे तापमान सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सिअस राखले जाते. मध पक्व होतो तो अशा उबेत. व्यापारी प्रक्रियेत तो ६० अंशांच्या आसपास किंवा अधिक तापवितात, जेणेकरून तो आंबू नये व लवकर गोठू नये. घरचा मध तापवू नये. स्वच्छ फडक्यातून गाळून कोरड्या काचेच्या बरणीत भरावा आणि बरणीवर महिना, प्रमुख फुलोरा व पेटीचा क्रमांक लिहावा. हेच मधाचे जन्मटिपण. वर्षभराने त्याच बरणीवर ‘पुराण’ असे आपण खात्रीने लिहू शकतो.

चिकित्सेत व औषधशाळेत

१) घरगुती परीक्षांवर विसंबू नये. पाण्यातील थेंब, पेटती वात यांनी आजच्या साखरपाकांची भेसळ ओळखता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तेरा ब्रँडची तपासणी जाहीर केली. त्यांपैकी तीनच सर्व चाचण्यांत उतरले. काही कंपन्यांनी हे निष्कर्ष अमान्य केले. गोठलेला मध मात्र भेसळीचा समजून परत करू नये; गोठणे हा मधाचा स्वभाव आहे.

२) प्रयोगशाळेचा अहवालही जाणतेपणाने वाचावा. सह्याद्रीत काही वर्षांच्या अंतराने एकदाच बहरणाऱ्या कारवीच्या मधात सुक्रोज शर्करा निसर्गतःच अधिक असते. अन्नसुरक्षा मानकांत सर्वसाधारण मर्यादा ५ टक्के असता कारवीसाठी ती १० टक्के ठेविली आहे, ती याचसाठी.

३) जांभळाचा मध मधुमेहींना चालतो, असे दुकानांतून सर्रास सांगितले जाते. हा मध गडद व किंचित तुरट असतो हे खरे. परंतु तोही मुख्यतः शर्कराच आहे. फुलाच्या झाडाचे औषधी गुण मधात जसेच्या तसे उतरतात असे मानून रुग्णास मुभा देऊ नये.

४) जातकर्माचा संदर्भ देऊन पालक नवजातास मध चाटविण्याविषयी विचारतात. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. त्यात बोटुलिनम जंतूचे बीजाणू असू शकतात व बालकाच्या आतड्यात त्यांपासून घातक विष तयार होते. ते बीजाणू निसर्गातून येतात, भेसळीतून नव्हे; म्हणून घरचा शुद्ध मधही यास अपवाद नाही.

५) अवलेह थंड झाल्यावरच मध मिसळण्याचा ग्रंथोक्त विधी औषधशाळेत काटेकोर पाळावा. आधीच तापविलेला मध विकत घेऊन हा विधी पाळण्यास अर्थ उरत नाही. म्हणून खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारावेत : माशी कोणती, फुलोरा कोणता, काढणीचा महिना कोणता, आणि किती अंशांवर किती वेळ तापविला?

एका पेटीतून चिकित्सालयाची वर्षभराची गरज भागणार नाही, आणि तो हेतूही नसावा. घरचा मध विकावयाचा तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी लागते, हेही ध्यानी असावे. परंतु ज्याने एक हंगाम स्वतः पेटी सांभाळली, त्यास वरील चार प्रश्नांची खरी उत्तरे व पढविलेली उत्तरे यांतील अंतर लगेच कळते. पावसाळ्यात प्रशिक्षण व पेटीची सिद्धता करावी आणि शरदाच्या फुलोऱ्यात वसाहत आणावी. येत्या वसंतात आपल्या प्रत्येक वैद्यबंधूच्या व भगिनीच्या फडताळात स्वहस्ते काढलेल्या मधाची, जन्मटिपण लिहिलेली एक तरी बरणी असावी, ही सदिच्छा.